'स्टुडिओ वन' आणि थेट प्रक्षेपणाचा काळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुरुवातीच्या अमेरिकन टेलिव्हिजन नाटकांवर मी लिहायला लागल्यापासून वाचकांचे तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यांतले बहुतेक एका कार्यक्रमाभोवती फिरतात: सीबीएस वाहिनीवरचं 'स्टुडिओ वन'. म्हणून इथेही तोच मध्यभागी ठेवला आहे आणि त्याची भावंडं गरजेपुरती आणली आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'स्टुडिओ वन' म्हणजे नेमकं काय होतं?

दर आठवड्याला एक नवं, तासाभराच्या वेळेत बसवलेलं नाटक थेट दाखवणारा अमेरिकन कार्यक्रम. टेलिव्हिजनवर पहिला प्रयोग ७ नोव्हेंबर १९४८ रोजी झाला. नाटक होतं 'द स्टॉर्म' आणि मुख्य भूमिकेत मार्गारेट सुलाव्हन. शेवटचा प्रयोग २९ सप्टेंबर १९५८ ला. या दहा वर्षांत साडेचारशेहून जास्त नाटकं झाली. वर्दिंग्टन मायनर हा पहिला निर्माता. १९५२ पर्यंत तो होता आणि कार्यक्रमाचा चेहरामोहरा त्यानेच घडवला.

नाव मात्र आधीचं. फ्लेचर मार्कल या कॅनडातून आलेल्या दिग्दर्शकाने २९ एप्रिल १९४७ ला सीबीएसच्याच रेडिओवर 'स्टुडिओ वन' सुरू केलं होतं. जुन्या याद्यांमध्ये आरंभाचं साल कधी १९४७ तर कधी १९४८ दिसतं, ते यामुळे. दोन्ही बरोबर आहेत, माध्यमं वेगळी आहेत.

२. याला 'अँथॉलॉजी' म्हणतात. मग ती मालिका कशी?

मालिका फक्त वेळेची आणि नावाची. सोमवारी रात्री दहा वाजता 'स्टुडिओ वन' लागणार हे ठरलेलं, पण गोष्ट, पात्रं, नटसंच, काळ सगळं दर वेळी नवं. या आठवड्यात शेक्सपियर, पुढच्या आठवड्यात न्यूयॉर्कमधल्या एखाद्या कुटुंबाची कथा. आपल्या वाचकांना जवळची तुलना द्यायची तर एकांकिका स्पर्धेची देता येईल: रंगमंच तोच, वेळेचं बंधन तेच, पडदा उघडला की जग वेगळं. फरक इतकाच की इथे संघ एकच होता आणि त्याला दर सोमवारी नव्या संहितेनिशी उभं राहायचं होतं.

३. 'थेट' म्हणजे खरंच थेट? आधी चित्रित केलेलं काहीच नसायचं?

खरंच थेट. न्यूयॉर्कमध्ये नट वाक्य बोलला की त्याच क्षणी ते घराघरांत पोहोचायचं. एखादा छोटा तुकडा, समजा बाहेरचं दृश्य, आधी फिल्मवर घेऊन मध्ये जोडत असत. मनातलं बोलणं ऐकवायचं असेल तर आवाज आधी ध्वनिमुद्रित करून ठेवत. मायनरला ही युक्ती आवडायची. बाकी सगळा खेळ समोर चालू.

सुरुवातीचे प्रयोग ग्रँड सेंट्रल टर्मिनलमध्ये झाले. हो, ते रेल्वे स्थानकच. त्या इमारतीत वरच्या बाजूला सीबीएसचे स्टुडिओ होते. खाली गाड्यांची ये-जा आणि वर ६ मार्च १९४९ ला आधुनिक कपड्यांतला 'ज्युलियस सीझर', हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

तालमी आठवडा-दीड आठवडा चालत आणि त्यातल्या बहुतेक रिकाम्या हॉलमध्ये, जमिनीवर चिकटपट्ट्या लावून: इथे दार, इथे खिडकी, इथे जिना. प्रत्यक्ष सेट आणि कॅमेरे अगदी शेवटी मिळायचे. सेट एकमेकांना खेटून लावलेले असत आणि एका प्रवेशातून दुसऱ्यात जाताना नटाला कॅमेऱ्यांच्या जाड केबली चुकवत, वाकून, अंधारातून पळावं लागे. पोशाख बदलायला वेळ नसेल तर आत एक, वर दुसरा असे दोन घालून उभं राहायचं. कॅमेरे अवजड होते. आजची झूम भिंग तेव्हा नव्हती. कॅमेऱ्याच्या तोंडावर फिरत्या चकतीवर चार भिंगं असायची आणि कॅमेरामनला दोन शॉटच्या मधल्या क्षणात चकती फिरवून पुन्हा फोकस साधावा लागे. दिग्दर्शक वर नियंत्रण कक्षात, समोर पडद्यांची रांग, आणि कुठल्या कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जाणार हे तो त्याच घटकेला सांगणार.

घड्याळ हा आणखी एक शत्रू. जाहिराती वजा जाता नाटकाला पन्नास मिनिटांच्या आसपास मिळत. वेग वाढला की शेवट लवकर येणार, वेग मंदावला की शेवटची वाक्यं कापली जाणार. म्हणून फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्याशेजारी उभं राहून हातवाऱ्यांनी 'ताण' किंवा 'आटप' सांगायचा आणि नट चेहऱ्यावर काही न दाखवता ते पाळायचे.

४. मग चुका होत असतीलच?

होत. माइकच्या दांड्याची सावली नटाच्या कपाळावर पडे, दार अडकून बसे, वाक्य विसरलं जाई आणि समोरचा नट सांभाळून घेई. रंगभूमीवर वाढलेल्या माणसांना हे नवं नव्हतं. जाणत्या प्रेक्षकालाही सगळ्या चुका कळत नसत.

पण 'चुका किती मजेदार' एवढ्यासाठीच हे प्रयोग पाहणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. थोडा वेळ नटांच्या डोळ्यांकडे बघा. पुढचा क्षण हातून निसटू शकतो ही जाणीव त्यांत असते आणि तीच भूमिकेत उतरलेली असते. रीटेक असलेल्या चित्रपटात तसले डोळे मला क्वचित दिसले.

५. जाहिरातीत फ्रिजचं दार उघडेना, तो बेटी फर्नेसचा किस्सा खरा आहे का?

किस्सा खरा, नाव चुकीचं. बेटी फर्नेस ही वेस्टिंगहाउसची जाहिरात करणारी अभिनेत्री. तीही नाटकाइतकंच थेट बोलायची, प्रवेशांच्या मध्ये, नवे फ्रिज आणि शेगड्या दाखवत. 'वेस्टिंगहाउस असेल तर खात्री बाळगा' हे घोषवाक्य तिच्या तोंडून देशभर गेलं. पण ज्या दिवशी दार अडून बसलं त्या दिवशी तिच्या जागी जून ग्रॅहम नावाची दुसरी अभिनेत्री उभी होती. फर्नेस इतकी प्रसिद्ध की लोकांच्या आठवणीत ती जागा तिनेच घेतली. पुढे १९६७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी तिला ग्राहकविषयक विशेष सहायक म्हणून नेमलं आणि ते काम तिने फार मन लावून केलं. तिची ओळख एका न उघडलेल्या दारापुरती राहू नये असं मला मनापासून वाटतं.

६. वेस्टिंगहाउसचं नाव कार्यक्रमातच का जोडलेलं दिसतं?

कारण तेव्हा एकच कंपनी पूर्ण कार्यक्रम उचलायची. १९४९ पासून वेस्टिंगहाउसने 'स्टुडिओ वन' प्रायोजित केला, म्हणून 'वेस्टिंगहाउस स्टुडिओ वन'. चीज विकणाऱ्या क्राफ्ट कंपनीचं 'क्राफ्ट टेलिव्हिजन थिएटर' ७ मे १९४७ ला एनबीसी या दुसऱ्या वाहिनीवर त्याच्याही आधी सुरू झालं होतं. फिल्को रेडिओ आणि टीव्ही संच बनवायची, तिचं 'फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस'. टायरवाल्या गुडइयरचं नाव फिल्कोशी आलटून पालटून यायचं. ही व्यवस्था वाटते तितकी निरुपद्रवी नव्हती, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

७. जुने प्रयोग इतके धूसर, करडे का दिसतात? प्रत खराब आहे का?

बहुतेक वेळा प्रत ठीक असते. तुम्ही जे बघता ते टीव्हीच्या पडद्याचा फोटो आहे, अगदी शब्दशः. टेलिव्हिजनचं चित्र साठवायला तेव्हा टेप नव्हती. मग एका विशेष पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावायचा आणि पडद्यावर चाललेलं नाटक टिपून घ्यायचं. याला किनेस्कोप म्हणतात. टीव्हीचं चित्र सेकंदाला ३० वेळा बदलतं आणि फिल्म २४ चौकटींनी चालते, त्यामुळे दोन्हींचा मेळ घालताना झीज होते. गडद भाग काळे ठिक्कर पडतात, चेहऱ्यांच्या कडा पसरतात, आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो.

१९५० च्या न्यूयॉर्कमधल्या घरात चित्र याहून पुष्कळ स्वच्छ दिसत होतं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी नेहमी हे सांगते: पहिली पाच मिनिटं डोळ्यांना त्रास होईल, मग सवय होते. त्या करडेपणाचा दोष दिग्दर्शकाच्या माथी मारू नका.

व्हिडिओटेपचं यंत्र अ‍ॅम्पेक्स कंपनीने एप्रिल १९५६ मध्ये जगासमोर आणलं आणि सीबीएसने ते ३० नोव्हेंबर १९५६ ला प्रथम प्रक्षेपणासाठी वापरलं, तेही बातम्यांसाठी. तोवर 'स्टुडिओ वन'ची बहुतेक महत्त्वाची नाटकं होऊन गेली होती.

८. न्यूयॉर्कला रात्री दहा म्हणजे कॅलिफोर्नियात सातच वाजलेले. तिथले लोक कधी पाहायचे?

आधी तर थेट पाहूच शकत नव्हते. देशाचे दोन्ही किनारे जोडणारी प्रक्षेपणाची जोडणी सप्टेंबर १९५१ मध्ये सुरू झाली. त्याआधी किनेस्कोपची फिल्म पश्चिमेकडे पाठवली जायची आणि नाटक तिथे दिवसांनी लागायचं. जोडणी झाल्यावर दुसरी पद्धत आली: न्यूयॉर्कचं प्रक्षेपण लॉस एंजेलिसमध्ये किनेस्कोपवर घ्यायचं, घाईघाईने फिल्म धुवायची आणि तीन तासांनी तिथल्या रात्रीच्या वेळेला दाखवायची. म्हणजे 'थेट' नाटक सगळ्या देशाने थेट पाहिलं असं म्हणणं बरोबर नाही. आणि आज आपल्याला काही पाहायला मिळतं त्याचं बरंचसं श्रेयही याच घाईला जातं. त्या प्रती मुळात जपण्यासाठी काढलेल्याच नव्हत्या.

९. सुरुवातीला इतकी रूपांतरंच का? स्वतंत्र नाटकं का नाहीत?

हक्क मिळत नव्हते. गाजलेल्या नाटकांचे हक्क बऱ्याचदा हॉलिवूडच्या स्टुडिओंनी घेऊन ठेवलेले असत आणि टेलिव्हिजनला ते द्यायची त्यांची इच्छा नव्हती. म्हणून हक्कमुक्त अभिजात साहित्य, कमी खपलेल्या कादंबऱ्या, मासिकांतल्या कथा. 'जेन एअर' आणि 'वदरिंग हाइट्स'मध्ये तरुण चार्ल्टन हेस्टन दिसतो, तो याच काळात.

पण आठवड्याला एक नाटक म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास, आणि असे आठ-दहा कार्यक्रम. साठा संपणारच होता. त्या भुकेतून नवे लेखक आले: रेजिनाल्ड रोझ, पॅडी चायेफ्स्की, रॉड सर्लिंग, हॉर्टन फूट, गोर विदाल. पन्नास मिनिटं, दोन-तीन खोल्या, जवळून दिसणारे चेहरे. या मर्यादेत भव्य कथा मावत नाही. मावतो तो एका माणसाचा एका संध्याकाळचा पेच. ती मर्यादाच त्यांची शैली झाली.

१०. प्रायोजक संहितेत ढवळाढवळ करायचे का?

करायचे, आणि प्रायोजकांच्या भीतीने वाहिन्याही करायच्या.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारं उदाहरण म्हणजे १५ मार्च १९५४ चं 'थंडर ऑन सिकामोर स्ट्रीट'. १९५१ मध्ये इलिनॉय राज्यातल्या सिसेरो गावात एक काळं कुटुंब राहायला येणार म्हणून गोऱ्या जमावाने दंगल केली होती. रेजिनाल्ड रोझला त्यावर लिहायचं होतं. नायक काळा असलेला चालणार नाही असं त्याला सांगण्यात आलं, दक्षिणेतल्या प्रेक्षकांचा रोष नको म्हणून. रोझने नायकाला शिक्षा भोगून आलेला गोरा माणूस केलं. पण त्याने आणखी एक गोष्ट केली: शेजाऱ्यांना हा माणूस का नको आहे, हे प्रेक्षकांपासून बराच वेळ लपवून ठेवलं. नाटक एकाच संध्याकाळी शेजारशेजारच्या घरांत फिरतं आणि कारण न सांगता द्वेष दाखवत राहतं. रिकामी जागा प्रेक्षक आपापल्या पूर्वग्रहांनी भरत गेले. अन्यायातून निघालेली वाट कधी मूळ रस्त्यापेक्षा खोल जाते, तरीही तो अन्यायच होता असं माझं ठाम मत आहे.

रॉड सर्लिंगला १९५६ मध्ये 'स्टुडिओ वन'साठीच 'द अरीना' लिहिताना हाच अनुभव आला. नाटक अमेरिकन सिनेटबद्दल, पण सिनेटरांनी चालू काळातल्या कुठल्याही प्रश्नावर बोलायचं नाही. ही गोष्ट शंभर वर्षं पुढे नेऊन यंत्रमानवांची केली असती तर बरं झालं असतं, अशा अर्थाचं त्याने नंतर लिहून ठेवलं. २ ऑक्टोबर १९५९ ला त्याचं 'द ट्वायलाइट झोन' सुरू झालं आणि परग्रहांच्या आडून त्याला हवं ते बोलता आलं.

तिसरं उदाहरण 'स्टुडिओ वन'चं नाही, तरी नेहमी त्याच्या नावावर टाकलं जातं. १६ एप्रिल १९५९, कार्यक्रम 'प्लेहाउस ९०', नाटक 'जजमेंट अ‍ॅट न्यूरेंबर्ग'. प्रायोजकांत अमेरिकन गॅस असोसिएशन होती. नाझींच्या विषारी वायूच्या कोठड्यांचा उल्लेख आला की 'गॅस' या शब्दापुरता आवाज बंद केला गेला. नट क्लॉड रेन्सचे ओठ हलतात आणि शब्द येत नाही.

११. त्या काळात 'काळी यादी' होती म्हणतात. तिचा या नाटकांवर परिणाम झाला?

झाला. जून १९५० मध्ये 'रेड चॅनल्स' ही पुस्तिका निघाली, तिच्यात रेडिओ-टीव्हीतल्या १५१ जणांची नावं कम्युनिस्टांशी संबंध असल्याच्या संशयावरून छापली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सीबीएसने आपल्या कर्मचाऱ्यांकडून निष्ठेची लेखी ग्वाही मागायला सुरुवात केली. कुणाला भूमिका द्यायची याआधी नाव 'तपासून' घेण्याची पद्धत रुळली. नकाराचं कारण कुणी सांगत नसे.

याच वातावरणात ८ नोव्हेंबर १९५४ ला 'स्टुडिओ वन'ने रोझचं 'अ‍ॅन अल्मनॅक ऑफ लिबर्टी' केलं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांच्या नागरी हक्कांवरच्या पुस्तकावरून ते सुचलं होतं. जी वाहिनी निष्ठेचे कागद भरून घेत होती तिनेच हे दाखवलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीसाठी दुसरी लपवू नये.

१२. '१२ अँग्री मेन' आधी चित्रपट की आधी टीव्ही?

आधी टीव्ही. खुनाच्या खटल्याचा निकाल ठरवायला बंद खोलीत बसलेल्या बारा ज्युररांचं (निकालासाठी निवडलेल्या सामान्य नागरिकांचं) नाटक 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' २० सप्टेंबर १९५४ ला 'स्टुडिओ वन'मध्ये थेट सादर झालं. रोझला त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये ज्युरीवर बसावं लागलं होतं, मनुष्यवधाच्या खटल्यात. बंद खोलीत आठ तास वादावादी. ती खोली त्याच्या डोक्यातून गेली नाही.

दिग्दर्शक फ्रँकलिन शाफनर, तोच पुढे 'प्लॅनेट ऑफ द एप्स' आणि 'पॅटन' करणारा. आठव्या ज्युररच्या भूमिकेत रॉबर्ट कमिंग्ज, तिसऱ्याच्या फ्रँचो टोन, दहाव्याच्या एडवर्ड आर्नल्ड. रोझ, शाफनर आणि कमिंग्ज या तिघांनाही टेलिव्हिजनचा एमी पुरस्कार मिळाला.

१९५७ चा चित्रपट सिडनी ल्यूमेटचा पहिला, आणि हेन्री फोंडा त्याचा नायक तसाच रोझबरोबर निर्माताही. टीव्हीच्या संचातले दोघे त्यात पुन्हा त्याच भूमिकांत आले: म्हातारा नववा ज्युरर जोसेफ स्वीनी आणि घड्याळजी अकरावा ज्युरर जॉर्ज व्होस्कोव्हेक.

'कोणतं सरस?' असंही विचारतात. चित्रपट भरलेला आहे, माणसं ओळखीची होतात, उकाडा अंगाला जाणवतो. पण फोंडा पहिल्या क्षणापासून आपल्याला पटतो. कमिंग्ज चाचपडतो, आवाज थरथरतो, आपण बरोबर आहोत याची त्याला खात्री नाही. 'वाजवी शंका' या कल्पनेला तो अधिक प्रामाणिक आहे असं मला वाटतं. दोन्ही पाहा, आणि आधी टीव्हीचं पाहा.

१३. टीव्हीच्या 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चा अर्धा भाग हरवला होता, हे खरं का?

खरं. कित्येक वर्षं किनेस्कोपचा पहिला अर्धाच उपलब्ध होता. ज्याच्यातून इतकं काही उगवलं त्या प्रयोगाचा निकाल पाहायची सोय नव्हती. २००३ मध्ये एका माहितीपटाच्या कामासाठी शोध घेताना संपूर्ण प्रत सापडली, ती सॅम्युएल लायबोविट्झ या दिवंगत वकिलाच्या घरी. लायबोविट्झ न्यूयॉर्कचे नामांकित फौजदारी वकील आणि पुढे न्यायाधीश. एका न्यायाधीशाने ही फिल्म स्वतःजवळ ठेवली होती, यापलीकडे त्या नाटकाच्या ताकदीची साक्ष कशाला हवी?

१४. 'एक रुका हुआ फैसला' टीव्हीच्या नाटकावरून की चित्रपटावरून?

बासू चटर्जींचा १९८६ चा हा चित्रपट रोझच्याच कथेचं भारतीय रूप आहे, आणि घडणीत तो १९५७ च्या चित्रपटाच्या जवळचा. टीव्हीची पूर्ण प्रत तेव्हा सापडलीही नव्हती (प्रश्न १३). पंकज कपूर यांनी केलेला संतापी ज्युरर ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो विसरता येत नाही.

यालाच जोडून विचारतात की आपल्याकडे बारा जणांची ज्युरी होती का. ज्युरी होती. १९५९ च्या मुंबईतल्या नानावटी खटल्यात नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक असा कौल दिला आणि न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. रोझच्या नाटकात बाराही जणांचं एकमत लागतं, म्हणूनच एकटा माणूस सगळ्यांना थांबवू शकतो. आठ-एक चालणार असतं तर नाटक पहिल्या मतदानालाच संपलं असतं.

१५. 'मार्टी'ही 'स्टुडिओ वन'चंच ना?

नाही. ही गफलत फार होते. 'मार्टी' २४ मे १९५३ ला 'फिल्को टेलिव्हिजन प्लेहाउस'च्या चमूने एनबीसीवर केलं. लेखक चायेफ्स्की, दिग्दर्शक डेल्बर्ट मान, निर्माता फ्रेड को, खाटकाच्या भूमिकेत रॉड स्टायगर. १९५५ च्या चित्रपटात ती भूमिका अर्नेस्ट बोर्गनाइनकडे गेली आणि चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह चार ऑस्कर मिळाले.

सर्लिंगचं 'पॅटर्न्स' हे 'क्राफ्ट'चं, आणि 'रिक्विएम फॉर अ हेवीवेट' (११ ऑक्टोबर १९५६) हे 'प्लेहाउस ९०'चं. 'प्लेहाउस ९०' दीड तासाचं आणि हॉलिवूडमधून होणारं, म्हणजे घराणंच वेगळं.

१६. ऑर्वेलच्या '१९८४'चं पहिलं रूपांतर बीबीसीचं की 'स्टुडिओ वन'चं?

पडद्यावरचं पहिलं 'स्टुडिओ वन'चं: २१ सप्टेंबर १९५३, एडी अल्बर्ट विन्स्टनच्या भूमिकेत. बीबीसीचं पीटर कुशिंगसह झालेलं रूपांतर १२ डिसेंबर १९५४ चं. बीबीसीचं लांब आणि जास्त गाजलेलं, त्यामुळे पहिलेपणाचा मानही त्यालाच दिला जातो.

१७. नंतर मोठे झालेले कोणते नट यात दिसतात?

यादी संपणार नाही. जॅक लेमन आणि इव्हा मरी सेंट १९४९ च्या 'जून मून'मध्ये एकत्र. ग्रेस केली, जेम्स डीन छोट्यामोठ्या भूमिकांत. माझं आवडतं उदाहरण १९५७ च्या 'द डिफेंडर'चं. दोन आठवड्यांत दोन भागांत झालेलं हे कोर्टाचं नाटक (म्हणजे 'दर आठवड्याला नवी गोष्ट' या नियमाला अपवाद). राल्फ बेलामी आणि विल्यम शॅटनर वकील बापलेक, आरोपी स्टीव्ह मॅक्वीन. त्यातून १९६१ मध्ये 'द डिफेंडर्स' ही मालिका निघाली. आणि पन्नास वर्षांनी, २००७ मध्ये, 'बॉस्टन लीगल' मालिकेत म्हाताऱ्या शॅटनरच्या तरुणपणीच्या आठवणी दाखवायला याच किनेस्कोपचे तुकडे वापरले.

१८. थेट नाटकाचं पुनःप्रक्षेपण कसं व्हायचं?

सहसा व्हायचंच नाही. पुन्हा दाखवायचं म्हणजे बहुधा पुन्हा करायचं. सर्लिंगचं 'पॅटर्न्स' १२ जानेवारी १९५५ ला झालं आणि इतकी मागणी आली की ९ फेब्रुवारीला सगळ्यांना परत बोलावून ते दुसऱ्यांदा थेट केलं. 'क्राफ्ट'नेच टायटॅनिकवरचं 'अ नाइट टू रिमेंबर' २८ मार्च १९५६ ला थेट केलं आणि २ मे ला त्याचं किनेस्कोप पुन्हा दाखवलं. शंभराहून अधिक नट, तीस-एक सेट आणि बुडणारं जहाज, तेही थेट!

म्हणून जुना प्रयोग पाहताना तो कितवा हे तपासा. बीबीसीच्या '१९८४'चेही दोन प्रयोग झाले, रविवारी आणि गुरुवारी. आज उपलब्ध आहे तो गुरुवारचा, ज्यावरून देशभर वादळ उठलं तो रविवारचा नव्हे.

१९. थेट नाटक चालू असताना एका नटाचा मृत्यू झाला, ते यातच का?

नाही. ती घटना ब्रिटनमधली. ३० नोव्हेंबर १९५८, 'आर्मचेअर थिएटर', नाटक 'अंडरग्राउंड'. गॅरेथ जोन्स हा तरुण नट दोन प्रवेशांच्या मध्ये कोसळला आणि गेला. सहकाऱ्यांनी त्याची वाक्यं वाटून घेत नाटक पूर्ण केलं.

२०. इतकं चांगलं होतं तर बंद का पडलं?

प्रेक्षक बदलला आणि हिशेब बदलला. १९५० मध्ये अमेरिकेतल्या सुमारे ९ टक्के घरांत टीव्ही होता, १९५५ मध्ये ६५ टक्क्यांच्या जवळ, १९६० मध्ये ८७ टक्के. सुरुवातीचा प्रेक्षक मोठ्या शहरांतला होता, नंतरचा सगळा देश. जून १९५५ मध्ये 'द ६४,००० डॉलर क्वेश्चन' आलं आणि प्रश्नमंजुषांची लाट उठली, पाठोपाठ काउबॉयच्या मालिका. फिल्मवर केलेली मालिका पुन्हा पुन्हा विकता येते, थेट नाटक एकदाच. शिवाय गंभीर नाटकात माणसाचा प्रश्न तासाभरात सुटत नाही, आणि मध्येच साबणाने तो सुटल्याचं दाखवायचं हे जाहिरातदारांनाही जड जात होतं.

जानेवारी १९५८ मध्ये 'स्टुडिओ वन' हॉलिवूडला हलवलं. न्यूयॉर्कची रंगभूमी, तिथले नट, ते पळापळीचे स्टुडिओ मागे राहिले. सप्टेंबरमध्ये ते संपलं.

२१. मग 'सुवर्णयुग' हा शब्द योग्य आहे का?

अर्धा. दर आठवड्याच्या रेट्यात सामान्य आणि विसरून जाण्याजोगी नाटकंच संख्येने जास्त झाली. आपण पाहतो ती चाळणीतून उरलेली. काळ्या कलाकारांना मुख्य भूमिका जवळजवळ नव्हत्या. 'फिल्को'चं २ ऑक्टोबर १९५५ चं, सिडनी पॉइटिएचं 'अ मॅन इज टेन फीट टॉल' उठून दिसतं, कारण तसं दुसरं सापडत नाही. लेखकांतही पुरुषच बहुसंख्य. तरी आठवड्याच्या बाजारात लेखकाचं नाव ठळक होतं आणि लोक 'चायेफ्स्कीचं नवीन नाटक' म्हणून टीव्ही लावत. ते सोनं खरं होतं.

२२. सुरुवात कुठून करू?

'स्टुडिओ वन'च्या १७ प्रयोगांचा डीव्हीडी संच २००८ मध्ये निघाला, त्यात संपूर्ण 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' आहे. इतर कार्यक्रमांसाठी क्रायटेरियन कंपनीचा २००९ चा डीव्हीडी संच घ्या. त्यात 'मार्टी', 'पॅटर्न्स' आणि 'रिक्विएम' एकत्र मिळतात.

माझा क्रम असा: आधी 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', मग 'मार्टी', मग '१९८४'. घरात एकट्याने, मोठ्या पडद्यावर नको, लॅपटॉपएवढ्या पडद्यावर, खोलीतला दिवा मंद करून. ही चित्रं लहान काचेसाठी आणि एखाद-दोन माणसांसाठी रचलेली आहेत, आणि तेवढ्या अंतरावरून चेहरे बरोबर दिसतात. जाहिराती प्रतीत असतील तर पुढे ढकलू नका. बेटी फर्नेसही त्याच प्रक्षेपणात थेट उभी आहे.